२८ मुर्दाद : कटाच्या कथा आणि आपण वाचक

इराणी सौर पंचांगातील सन १३३२ चा २८ मुर्दाद म्हणजे १९ ऑगस्ट १९५३. त्या दिवशी तेहरानमध्ये पंतप्रधान डॉ. मुहम्मद मोसादेक (उर्दू वाचकांच्या ओळखीचे मुसद्दिक) यांचे सरकार उलथून टाकण्यात आले. त्यामागे अमेरिका व ब्रिटन यांच्या गुप्तहेर खात्यांचा हात होता, हे कबूल व्हायला जवळजवळ अर्धे शतक लागले. मार्च २००० मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑलब्राइट यांनी आपल्या देशाचा सहभाग जाहीरपणे मान्य केला. २०१३ मध्ये खुद्द सीआयएच्या कागदपत्रांतून तो उघड झाला, आणि २०१७ मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याने त्या काळातील दस्तऐवजांचा नवा खंड प्रसिद्ध केला.

तेव्हा परकीय हात होता की नव्हता, हा वाद मिटला आहे. ही हकिकत कशी सांगितली गेली आणि आपण ती कशी वाचतो, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. परक्या सत्तेने दुसऱ्याच्या लोकशाहीत ढवळाढवळ करणे आणि खोट्या बातम्या पेरणे, हा विषय २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीपासून जगभर चर्चेत आहे. ऐकणाऱ्याला वाटावे, हा रोग संगणकाबरोबरच जन्मला. वास्तविक त्याची बहुतेक लक्षणे सत्तर वर्षांपूर्वी तेहरानमध्ये दिसून गेली आहेत आणि त्यांवर बरीच पुस्तकेही झाली आहेत. त्यांतील चार-पाच शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर लोकशाहीचे रक्षण कशाने होते याचे उत्तर कोणत्याही एका पुस्तकापेक्षा नीट सापडते, असे आम्हाला वाटते.

घटना थोडक्यात

इराणच्या तेलाचा पहिला मोठा ठेका १९०१ मध्ये डार्सी या इंग्रज भांडवलदाराला मिळाला. निव्वळ नफ्यातील १६ टक्के इराणला आणि बाकीचा ठेकेदाराला, असा तो व्यवहार होता. पुढे त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीत १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने निम्म्याहून अधिक भागभांडवल घेतले. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना जगात सर्वांत मोठा ठरला, पण तेथील इराणी मजूर झोपड्यांत राहत होता. मार्च १९५१ मध्ये इराणच्या मजलिसने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि एप्रिलअखेर मोसादेक पंतप्रधान झाले.

ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घातला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. जुलै १९५२ मध्ये न्यायालयाने हा वाद आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असा निर्णय दिला. कायद्याच्या मार्गाने काही होत नाही हे दिसल्यावर दुसरा मार्ग धरण्यात आला. जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकेत आयझेनहॉवर अध्यक्ष झाले आणि जे काम करण्यास आधीचे ट्रुमन सरकार राजी नव्हते त्याला नव्या सरकारची संमती मिळाली. १५ ऑगस्टच्या रात्री केलेला पहिला प्रयत्न फसला. शाह आधी बगदादला व तेथून रोमला पळाले. चार दिवसांनी, १९ ऑगस्टला, भाडोत्री जमाव, खरेखुरे नाराज लोक आणि रणगाडे एकत्र आले व सरकार पडले. मोसादेक यांना तीन वर्षांची कैद झाली. त्यानंतर १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते आपल्या अहमदाबाद या गावी नजरकैदेत राहिले. त्यांचे परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांना १९५४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी तेलासाठी नवी व्यवस्था झाली आणि तीत अमेरिकन कंपन्यांना ४० टक्के वाटा मिळाला.

हस्तकाचे आत्मचरित्र

या मोहिमेचा तेहरानमधील सूत्रधार कर्मिट रूझवेल्ट. थिओडोर रूझवेल्ट या अमेरिकन अध्यक्षांचा हा नातू. त्याचे ‘काउंटरकू’ हे पुस्तक १९७९ मध्ये छापले गेले, म्हणजे ज्या शाहला त्याने सिंहासनावर परत बसवले तो शाह देश सोडून गेला त्याच वर्षी. पुस्तकाच्या नावातच पहिली लबाडी आहे. ‘काउंटरकू’ म्हणजे उठावाला दिलेले प्रत्युत्तर. घटनेनुसार नेमलेल्या पंतप्रधानाला बंडखोर ठरवायचे आणि त्याला पाडणाऱ्याने स्वतःला व्यवस्थेचा राखणदार म्हणवायचे, अशी ही भाषा आहे. खोट्या प्रचाराची सुरुवात अशी नामकरणापासून होते.

पुस्तक साहसकथेसारखे वाचले जाते. रात्री घोंगडीखाली लपून राजवाड्यात जाणे, शाहची भेट, रोकड भरलेली तिजोरी, सगळे आहे. शेवटी शाह त्याला सांगतो की माझे तख्त मी अल्लाहला, प्रजेला, फौजेला आणि तुम्हाला देणे लागतो. साऱ्या पुस्तकात इराणी माणूस एकतर विकत घेण्याजोगा आहे किंवा भित्रा आहे. मोसादेक हे चक्रम म्हातारे म्हणून रंगवले आहेत. याहून बोलकी गोष्ट पुस्तकाच्या छपाईची आहे. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे नाव झाकण्यासाठी त्याच्या जागी तेल कंपनीचे नाव घालण्यात आले. त्या कंपनीच्या वारसदार बीपीने हरकत घेतली आणि पहिली छपाई मागे घ्यावी लागली. खोट्या प्रचाराची कबुली देणारे पुस्तकच खोटे नाव घालून बाजारात आले होते.

तरीही हे पुस्तक टाकून देण्याजोगे नाही. त्यात एक जागा अशी आहे की जी फुशारकीच्या ओघात लिहिली गेली आणि म्हणूनच मोलाची आहे. वॉशिंग्टनला परतल्यावर रूझवेल्टने वरिष्ठांना बजावले की इराणमध्ये यश आले ते तेथील लोकांना व फौजेला तेच हवे होते म्हणून. जेथे तशी स्थिती नसेल तेथे अशी मोहीम करू नका, सरळ सैन्य पाठवा. यातील ‘लोकांना तेच हवे होते’ हा दावा खोटा आहे, परंतु त्यामागची व्यवहारबुद्धी खरी आहे. बाहेरचा हस्तक जेथे तडा आधीच आहे तेथेच पहार घालतो.

कारागिराची वही

हा तडा कोठे होता ते दुसऱ्या एका कागदात दिसते. मोहिमेचा आराखडा करणाऱ्यांपैकी डोनाल्ड विल्बर याने १९५४ च्या मार्चमध्ये खात्यासाठी तिचा गुप्त इतिहास लिहिला. एप्रिल २००० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो प्रसिद्ध केला. विल्बर हा इराणी वास्तुकलेचा अभ्यासक. इलखानी काळातील इमारतींवर आणि इराणी बागांवर त्याचे ग्रंथ आहेत. एखाद्या संस्कृतीवर प्रेम असणारा माणूस तिचे वाईट करणार नाही, अशी आपली भाबडी समजूत असते. ही वही वाचल्यावर ती टिकत नाही. फारसी जाणणाऱ्या माणसालाच फारसी वाचकाला काय टोचते ते ठाऊक असते.

या वहीची भाषा कोरडी आहे, हिशेबनिसाची. मजलिसच्या सभासदांचे सहकार्य विकत घेण्यासाठी आठवड्याला दहा लाख रियाल, म्हणजे त्या वेळचे सुमारे ११ हजार डॉलर, खर्चण्यास मंजुरी होती. एका वृत्तपत्राच्या मालकाला सुमारे ४५ हजार डॉलरचे ‘वैयक्तिक कर्ज’ दिले गेले. व्यंगचित्रे आणि लेख अमेरिकेत तयार होऊन तेहरानच्या पत्रांत इराणी नावाने छापले जात. साम्यवादी तुदेह पक्षाचे कार्यकर्ते असल्याचे भासवून धर्मगुरूंना धमक्या देण्यात आल्या. हेतू असा की उलेमा साम्यवादाला घाबरून मोसादेकपासून दूर व्हावेत. १७ ऑगस्टला रस्त्यावर जो ‘तुदेह’चा जमाव पुतळे पाडत होता त्यात भाड्याने आणलेले लोक होते, आणि त्यांच्या मागून खरे तुदेहवालेही फसून सामील झाले.

आमच्यासारख्या साहित्य वाचणाऱ्यांना अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. अबुल कासिम लाहूती हा किरमानशाहचा फारसी कवी. साम्यवादी झाला आणि सोव्हिएत संघात जाऊन राहिला. त्याच्या नावाने एक आत्मचरित्र इराणमध्ये छापले गेले. ते कवीने लिहिलेले नव्हतेच. अमेरिकन प्रचारयंत्रणेने ते बनवले होते. आत्मचरित्र हा प्रकार वाचक सर्वांत जास्त विश्वासाने वाचतो. कवीचा ‘मी’ चोरला म्हणजे वाचकाचा विश्वासच चोरला. आज यंत्राकडून कोणाचाही आवाज आणि चेहरा बनवता येतो म्हणून आपण चकित होतो. त्यामागची कल्पना मात्र जुनीच आहे.

किंझरचे पुस्तक आणि त्याची मर्यादा

स्टीफन किंझर या अमेरिकन पत्रकाराचे ‘ऑल द शाहज मेन’ २००३ मध्ये आले आणि ही हकिकत सामान्य वाचकापर्यंत पोहोचली ती मुख्यतः त्यामुळे. पुस्तक चांगले आहे. १५ ऑगस्टच्या रात्री अंधारात निघालेल्या लष्करी ताफ्यापासून ते सुरू होते, मागे जाऊन इराणचा इतिहास सांगते, करबलापासून आलेली शिया मनाची अन्यायाविरुद्धची धारणा समजावते आणि शेवटी अहमदाबादच्या घरी येऊन थांबते. मोसादेक येथे माणूस म्हणून भेटतात. हट्टी, आजारी, बिछान्यातून राज्यकारभार करणारे, पैशाच्या बाबतीत स्वच्छ आणि आपल्यावर तुटून पडणाऱ्या पत्रांनाही मोकळे सोडणारे.

किंझरने नोंदवलेली एक गोष्ट प्रत्येक पत्रकाराने वाचावी. सीआयएसाठी त्या काळी प्रचाराचे लेख लिहिणारे रिचर्ड कॉटम पुढे प्राध्यापक झाले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे तेहरानच्या पाचांतील चार वृत्तपत्रांवर खात्याचा प्रभाव होता. मोसादेक एकीकडे साम्यवाद्यांचे हस्तक आणि दुसरीकडे इस्लामचे वैरी असल्याचे लेखांतून भासवले जाई. वाचणाऱ्याला मात्र ते आपल्याच देशातील संपादकाचे मत वाटे.

पुस्तकाची मर्यादा त्याच्या रचनेत आहे. किंझरला गोष्ट सांगायची आहे आणि गोष्टीला नायक लागतो. नको असतानाही ती जागा रूझवेल्टला मिळते. तो योजतो, तो पैसे वाटतो, वॉशिंग्टनहून मोहीम थांबवण्याचा निरोप आला तरी तो हटत नाही. इराणी माणसे पुन्हा पटावरची प्यादी होतात. शिवाय उपशीर्षकापासूनच लेखक १९५३ ची रेघ ओढत थेट आजच्या दहशतवादापर्यंत नेतो. मधल्या पन्नास वर्षांत इराणी व अरब समाजांनी स्वतः काय निवडले आणि काय टाळले, हा प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो.

दोन इतिहासकार, दोन टोके

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न दोन परस्परविरोधी ग्रंथांतून झाला. एरवंद अब्राहमियन यांचे ‘द कू’ २०१३ चे. त्यांचे म्हणणे असे की साम्यवादाची भीती हा बहाणा होता. खरा प्रश्न तेल कोणाच्या ताब्यात राहणार हा होता, आणि ते इराणच्या ताब्यात जाऊ द्यायला ब्रिटन आणि अमेरिका दोघेही तयार नव्हते. त्याआधी २०१० मध्ये शाहच्या राजवटीत राजनैतिक सेवेत असलेले दारयुश बयांदोर यांनी नेमके उलटे लिहिले. पहिला प्रयत्न फसल्यावर सीआयएची मोहीम संपलीच होती, १९ ऑगस्टला जे घडले ते प्रामुख्याने इराणी शक्तींनी, विशेषतः धर्मगुरूंच्या वर्तुळाने घडवले, असे त्यांचे प्रतिपादन.

बयांदोर यांचा निष्कर्ष आम्हाला पटत नाही. वर्षानुवर्षे पैसा ओतून तयार केलेली यंत्रणा एका रात्री फसल्याने नाहीशी होत नाही. विकत घेतलेली पत्रे १६ ऑगस्टलाही छापत होतीच, आणि शाहच्या फर्मानाच्या छायाप्रती याच पत्रांतून शहरभर पोहोचल्या. पण त्यांनी काढलेले प्रश्न टाळता येत नाहीत. आयतुल्लाह काशानी हे तेलाच्या लढ्यात मोसादेक यांचे सोबती होते, ते का फुटले? मजलिसचे सभासद पैसे घेत होते, ते इराणीच होते ना? आणि खुद्द मोसादेक यांनी ऑगस्ट १९५३ मध्ये मजलिस बरखास्त करण्यासाठी जे सार्वमत घेतले त्यात ‘होय’ आणि ‘नाही’ यांसाठी वेगवेगळे तंबू होते. ९९ टक्क्यांहून अधिक मते ‘होय’ पडली. गुप्त मतदान नसले की अशीच मते पडतात. सभासद विकले जात आहेत हा त्यांचा संशय रास्त होता. तरीही त्या उपायाने त्यांच्या हातची सर्वांत मोठी नैतिक ताकद गेली. लोकशाही वाचवण्यासाठी लोकशाहीचा नियम मोडला की शत्रूचे अर्धे काम होते.

याचा अर्थ दोष बळीच्या माथी मारावा असा नव्हे. चोरी चोराचीच. पण घराचे दार कशाने उघडे राहिले हे न पाहणारा घरमालक पुन्हा लुटला जातो. १८ ऑगस्टला अमेरिकन राजदूत लॉय हेंडरसन यांनी मोसादेक यांना भेटून अमेरिकन नागरिकांना त्रास होत असल्याची तक्रार केली. पाहुण्यांची आबरू राखण्यासाठी वृद्ध पंतप्रधानांनी पोलिसांना रस्ते मोकळे करण्याचा हुकूम दिला. आपल्या समर्थकांना घरी बसवले. दुसऱ्या दिवशी रस्ता विरोधकांसाठी मोकळाच होता. त्यांच्या सज्जनपणाचाही असा वापर झाला.

आपले वाचन

आता आपल्याकडे वळू. मुस्लिम वाचकाच्या मनात या हकिकतीला एक खास जागा आहे. मशिदीबाहेरच्या गप्पांत, उर्दू अखबारांच्या स्तंभांत, मराठीतील आपल्या नियतकालिकांतही मोसादेक यांचे नाव निघते ते बहुधा एकाच वाक्यासाठी : पाहा, सगळी साज़िश आहे. आम्ही हे वाक्य शेकडो वेळा ऐकले आहे. त्याचे मूळ खऱ्या जखमेत आहे, म्हणून त्याची थट्टा करणे योग्य नाही. पण एक कट खरा निघाला म्हणून प्रत्येक आपत्ती कटच असते असे नाही. १९५३ चा कट आपल्याला ठाऊक झाला तो कागदपत्रांमुळे, संशोधकांच्या चिकाटीमुळे. ज्याच्याजवळ कागद नाही, साक्षीदार नाही, तपशील नाही, त्या ‘साज़िशी’ला तोच दर्जा देणे म्हणजे या संशोधकांच्या कष्टांचा अपमान आहे.

याहून मोठा धोका असा की सर्वत्र साज़िश पाहणारा माणूसच खोट्या प्रचाराला सर्वांत सोपा सापडतो. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात २१ मे २०१६ रोजी जे घडले ते याचे उदाहरण आहे. तेथील इस्लामिक दावा सेंटरसमोर एकाच वेळी दोन निदर्शने झाली. एक टेक्सासचे इस्लामीकरण रोखा म्हणणाऱ्यांचे, दुसरे इस्लामी ज्ञान वाचवा म्हणणाऱ्यांचे. मध्ये पोलीस. फेसबुकवरील ज्या दोन पानांनी ही हाक दिली होती ती दोन्ही रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या एकाच कचेरीतून चालवली जात होती, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीने उघड केले. मुसलमानांच्या बाजूच्या पानाला एका खऱ्या अमेरिकन मुस्लिम संघटनेचे नाव दिले होते. या साऱ्या उद्योगाच्या जाहिरातींना सुमारे २०० डॉलर लागले.

तेहरानला विकत घेतलेली वृत्तपत्रे लागली, ह्यूस्टनला दोन पाने पुरली. पण रीत तीच : तुदेहच्या नावाने मौलवीला धमकी, मुसलमानाच्या नावाने मुसलमानाला हाक. त्या दिवशी दावा सेंटरसमोर आलेली दोन्ही बाजूंची माणसे मात्र खरी होती. एकमेकांविषयीची त्यांची भीतीही खरी होती. ती भीती रशियाने निर्माण केलेली नव्हती. तिने फक्त वेळ आणि पत्ता कळवला.

आरोपाचेही राजकारण

परकीय हस्तक्षेपाविरुद्ध लिहिताना आणखी एक सावधगिरी ठेवावी लागते. हा आरोप सत्ताधाऱ्याच्या हातातील सोयीचे हत्यार आहे. इराणच्या आजच्या राजवटीने १९५३ च्या अन्यायाची आठवण सतत जागी ठेवली, आणि तिच्याच आधारे स्वतःच्या टीकाकारांना परक्यांचे हस्तक ठरवले. मोसादेक यांच्याविषयी मात्र तिचे मन कधीच मोकळे नव्हते. क्रांतीनंतर तेहरानच्या मुख्य रस्त्याचे पहलवी हे नाव जाऊन मोसादेक हे नाव आले आणि थोड्याच काळात तेही जाऊन वली-ए-अस्र झाले. ज्यांच्या अन्यायावर राजवट बोलते त्यांच्या नावाचा रस्ता तिला चालत नाही.

आपल्याकडचा अनुभवही ताजा आहे. २०२० मध्ये करोनाच्या काळात तबलीगी जमातीसाठी आलेल्या परदेशी पाहुण्यांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले. महिनोन्‌महिने वाहिन्यांवर हे लोक रोग पसरवायला आल्याचे चित्र रंगवले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. माध्यमांनी मोठा अपप्रचार केला आणि या लोकांना बळीचे बकरे बनवले गेल्याची शक्यता दिसते, असे मत न्यायालयाने नोंदवले. येथे ‘परकीय’ हाच खोट्या प्रचाराचा विषय होता. म्हणून आम्ही म्हणतो की परकीय हस्तक्षेपापासून लोकशाही वाचवण्याचा कोणताही कायदा पुरावा, न्यायालय आणि बचावाची संधी यांवाचून आला, तर त्याचा पहिला फटका अल्पसंख्याकालाच बसेल. या बाबतीत आपण तटस्थ राहू शकत नाही. खोट्या प्रचाराने आपण दोन बाजूंनी भाजतो. एकदा त्याचे लक्ष्य म्हणून आणि एकदा त्याचे ग्राहक म्हणून.

रक्षण कशाने?

वर उल्लेखिलेली पुस्तके एकत्र वाचल्यावर आमच्या हाती तीन गोष्टी लागतात. एक, मत गुप्त राहिले पाहिजे आणि पैसा उघड झाला पाहिजे. इराणमध्ये नेमके उलटे झाले. मतदाराचा तंबू सर्वांना दिसत होता आणि संपादकाचे कर्ज कोणालाच दिसत नव्हते. वृत्तपत्र, वाहिनी वा निवडणुकीची जाहिरात कोणाच्या पैशावर चालते हे नागरिकाला कळणे हा लोकशाहीचा पाया आहे. दोन, संस्था माणसांपेक्षा बळकट हव्यात. मोसादेक यांची लोकप्रियता अफाट होती. पण मजलिस पोखरली गेली, वृत्तपत्रे विकली गेली आणि सगळा भार एका आजारी वृद्धावर आला. तीन, वाचक तयार हवा.

या तिसऱ्या गोष्टीबद्दल शिक्षक म्हणून थोडे अधिक लिहिणे भाग आहे. फिनलंडने २०१४ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात मजकूर, चित्र, आकडे यांची पारख करण्याचे कौशल्य सर्व विषयांत गुंफले आणि २०१६ पासून ते शाळांत आले. गणिताच्या तासाला आकडेवारीतील फसवणूक शिकता येते, इतिहासाच्या तासाला प्रचारपत्रक वाचता येते. आपल्या उर्दू शाळांना यासाठी परक्या आदर्शाचीही गरज नाही. मुहद्दिसांनी हदीसची छाननी करताना जे शास्त्र उभारले ते मुळात हेच आहे. हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, ते दोघे खरोखर भेटले होते का, साखळीत कोठे कडी तुटली आहे का? अस्मा-उर-रिजालचे जाडजूड ग्रंथ या प्रश्नांसाठी लिहिले गेले. त्यातील एक नियम आज फार मोलाचा वाटतो. रावी नेक असणे पुरेसे धरले जात नव्हते, त्याची स्मरणशक्ती आणि अचूकपणाही तपासला जाई. म्हणजे मोबाइलवर आलेला संदेश आपल्या भाईने, मामूने किंवा मोहल्ल्यातील हाजीसाहेबांनी पाठवला, एवढ्याने तो खरा ठरत नाही. सूरह हुजुरातमध्ये बातमी आल्यावर आधी तहकीक करण्याचा हुकूम आहे. त्यामागचे कारणही तेथेच दिले आहे : न कळत एखाद्या जमातीला इजा करून नंतर पस्तावण्याची वेळ येऊ नये. ही आयत आपण जलशांत ऐकतो आणि घरी येऊन पाच मिनिटांत दहा संदेश पुढे ढकलतो.

इराणचा विषय आपल्या साहित्यात यापुढेही येत राहील, यावा. कथा, कविता, लेख लिहिले जावेत. आमची अपेक्षा इतकीच की लिहिणाऱ्याने रूझवेल्टची साहसकथा उलटी करून सांगू नये. परका हस्तक सर्वशक्तिमान आणि आपण सारे निष्पाप प्यादी, ही मांडणी हस्तकालाच आवडणारी आहे. त्याने स्वतः तशीच लिहिली आहे. त्या ऑगस्टमध्ये पैसे घेऊन लेख छापणारा संपादक, तंबूसमोर घुटमळणारा मतदार, धमकीचा फोन खरा मानणारा मौलवी, ही माणसे अजून कोणी नीट लिहिलेली नाहीत. ती लिहिली गेली तर वाचकाला त्यांत आपलाही चेहरा दिसेल, आणि पुढची बातमी हाती आल्यावर ती कोणाकडून आली हे विचारायला तो क्षणभर थांबेल.